तुझी 'मुलुंड' मी ऐकलेली नाही

ताई,

स्मशानात तुझी पोरं एका बाजूला घोळक्याने उभी होती. दर शनिवारी दुपारी चारकोपला तुझ्या घरी कविता वाचायला जमायची ती चौदा जणं. माझी पूर्वाही त्यांच्यातच होती, माझ्या शेजारी नव्हती. अग्नी देऊन मी मागे वळलो तेव्हा ती सगळी माझ्याकडे बघत होती. मी बघितलं तशी एकेकाने नजर काढून घेतली. बहीण गेलेल्या भावाकडे लोक असं बघत नाहीत. ज्याच्याबद्दल काहीतरी कानावर आलेलं असतं, त्याच्याकडे बघतात तसं ते होतं.

बोरिवलीला घरी आलो. आंघोळी झाल्या. शेजारच्यांनी आणून दिलेला पिठलं-भात पुढ्यात होता. पूर्वा म्हणाली, "बाबा, आत्यानेही कविता म्हटली. गेल्या महिन्यात."

"ती तर कधीच वाचत नाही म्हणायचीस."

"चार वर्षं नाही वाचली. त्या दिवशी बसल्या बसल्या म्हणाली."

"कशावर?"

"'मुलुंड' नाव होतं," ती म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "सॉरी. एवढंही सांगायला नको होतं. इथलं इथेच."

'इथलं इथेच' हा तुझा पहिला नियम. तुझ्या खोलीत वाचलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही. दुसरा नियम, नुसतं ऐकायला यायचं नाही. येणाऱ्याने स्वतःचं काहीतरी वाचायचं. हे मला ठाऊक होतं. त्या नियमांची मी टिंगलही केली होती. त्या संध्याकाळी मात्र पिठलं-भात तसाच ठेवून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

आपल्या घरात मुलुंड म्हणजे एकच गोष्ट. तुला ती ठाऊक आहे. किती ठाऊक होती, एवढंच मला माहीत नाही, आणि तू गेल्यापासून मी दुसरा कसलाही विचार केलेला नाही.

तुला सोळाव्या वर्षी कोड फुटलं. आधी उजव्या मनगटावर, मग बोटांवर, मग ओठांवर. आई तेव्हाच गेलेली होती. गिरणी बंद झाल्यावर बाबा मिळेल ते काम करत होते, आणि घाटकोपरच्या दोन खोल्यांत आपण तिघं राहत होतो. पुढे तू सरकारी ऑफिसात टायपिस्ट झालीस. तुला बघायला दोनदा माणसं आली आणि दोन्ही वेळा पोह्यांना हात न लावता उठली. तिसऱ्यांदा तू कुणाला येऊच दिलं नाहीस.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा तू एकतीस वर्षांची होतीस. संगीताच्या घरचे अंधेरीचे. वडील बँकेत, भाऊ सी.ए. रविवारी ते बोलणी करायला यायचे होते. त्या सकाळी बाबांनी तुला सांगितलं की मुलुंडच्या मावशीला ताप आलाय, तिच्याजवळ कुणी नाही, तू जा. तू लगेच निघालीस. जाताना नाक्यावरून मोसंबी घेतलीस. इकडे संगीताच्या माणसांना आम्ही सांगितलं, मोठी मुलगी ऑफिसच्या ट्रेनिंगला पुण्याला गेलीय. सगळं नीट जमून आलं. फक्त 'तुला ताप आलाय' हे मावशीला कळवायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

ती गोष्ट तू नंतर किती वेळा सांगितलीस! कुणाची मुंज असो, पूजा असो, कुणीतरी म्हणायचंच, ताई, ते मुलुंडचं सांग ना. आणि तू चेहरा अगदी कोरा ठेवून सांगायचीस: "मी जाते तर मावशी दारात पापड लाटत बसलेली. लालबुंद, ठणठणीत. मला म्हणते, गो बाय, तू आज खंयसून इलंस? मी म्हटलं, तुला ताप आहे ना? तिने माझ्याकडे बघितलं, मोसंब्यांकडे बघितलं, आणि दोन मिनिटांनी अशी खोकायला लागली, अशी खोकायला लागली, की शेवटी मीच म्हटलं, अगं, मला ताप सांगितलाय, खोकला नाही."

सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचो. बाबा उठून चपला घालायचे आणि बाहेर जायचे.

त्या रविवारनंतर तू बाबांशी कामापुरतं बोललीस. त्यांचं सगळं केलंस. जेवण, औषधं, डोळ्यांचं ऑपरेशन. पण शब्द मोजके. वाढू का, पुरे का, गोळी घेतली का. तुझं चारकोपचं घर लॉटरीत लागलं तेव्हाही तू बाबांना बरोबर नेलंस, त्यांची कॉट खिडकीपाशी टाकलीस, आणि तिथेही तेच. नऊ वर्षं. बाबांनी तुला पाहुण्यांपासून लपवलं, असं तू धरून चाललीस. सगळे तसंच धरून चालले.

ताई, बाबांनी नाही. मी.

आदल्या संध्याकाळी चाळीच्या गच्चीवर बाबा कपडे वाळत घालत होते. मी वर गेलो आणि म्हटलं, "बाबा, उद्या ताई घरात नको." त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "चेडू माझां आसा. हयच बसतलां." मी म्हटलं, "ती इथेच बसणार असेल, तर मग माझं लग्न विसरा. तिचं झालं नाही म्हणून माझंही होऊ नये असं वाटतं का तुम्हाला?" बाबांनी शर्टाला चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. मग विचारलं, "खंय धाडू तिका?" मुलुंड मी सुचवलं. तापही मीच सुचवला.

लग्नात संगीताने तुला पहिल्यांदा पाहिलं. लांब बाह्यांचा ब्लाउज घालून तू बायकांच्या मागे उभी होतीस. चार दिवसांनी संगीता मला म्हणाली, "एवढंच होतं? एवढ्यासाठी तुम्ही लोकांनी त्यांना पुण्याला पाठवलंत?" मी म्हटलं, "बाबांनी ठरवलं." माझी बायको आहे ती, आणि सत्तावीस वर्षं तिलाही हेच ठाऊक होतं.

बाबांनी मला एकदाही उघडं पाडलं नाही. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तू खाली औषधं आणायला गेली होतीस. बाबा माझा हात धरून म्हणाले, "सांग तिका कधीतरी." मी हो म्हटलं. तू औषधं घेऊन वर आलीस, बिल माझ्या हातात दिलंस, आणि मी बिल वाचत बसलो.

पुढे पूर्वाच्या डाव्या डोळ्याखाली पांढरा ठिपका आला. अकरावीत होती. मी तो ठिपका पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तिच्या आधी तू आठवलीस, आणि तुझ्याही आधी ती गच्ची. ठिपका गालावर उतरला. संगीता, जी मला 'एवढंच होतं?' म्हणाली होती ती, रोज सकाळी पोरीच्या गालावर रंगाची क्रीम लावायला लागली. मीच ती क्रीम अंधेरीहून ऑफिसातून येताना आणायचो. पूर्वाने कॉलेजला जाणं थांबवलं. तेव्हा तू बोरिवलीला आलीस, तिच्या खोलीत गेलीस, दार लावलंस. बाहेर आलीस ती तिची बॅग घेऊनच. "थोडे दिवस राहू दे माझ्याकडे," म्हणालीस. मला विचारत नव्हतीस.

महिन्याभरात तिचा फोन आला. "बाबा, मी कविता करते." मग तिच्या वर्गातली एक मैत्रीण यायला लागली, मग त्या मैत्रिणीचा चुलतभाऊ, मग कुठून कुठून पोरं. सगळी तुला आत्या म्हणायची. तुला कवितेतलं काही कळत नव्हतं आणि तू ते लपवतही नव्हतीस. "मला एवढंच कळतं की पोरगं खरं बोलतंय की भाव खातंय," म्हणायचीस. भाव खाणाऱ्याला तू मध्येच थांबवायचीस म्हणे. "हे तुझं नाही. तुझं आण."

तू दर शनिवारी त्यांच्यासाठी करायचीस त्या पोह्यांबद्दल बाहेर सांगायला बंदी नव्हती, म्हणून ते मला पूर्वाकडून कळायचं.

"आत्या, नियम म्हणजे नियम. तू पण वाच."

"मी पोहे केलेत ना? ती माझी कविता."

"मीठ नाहीये यात. कविता फसली, यार."

"मग भाव तरी खात नाहीये ना? गप गिळा."

त्या पोरांतल्या रेश्माच्या चार ओळी मी इथे लिहितो, तिला विचारून. मानखुर्दची ही मुलगी कॉलेजात घर कुठे ते सांगत नसे.

पत्ता विचारला की मी चेंबूर सांगते.
मग चेंबूरपासून घरापर्यंत
उरलेला रस्ता
रोज एकटीच चालत जाते.

कुणाल नावाच्या मुलाने तुझ्याकडे काय वाचलं ते मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी लिहिलं नसतं. तो घरी कुणाला सांगू शकला नव्हता ते त्याने तुमच्यात सांगितलं, एवढंच त्याने मला लिहू दिलं. वर म्हणाला, "काका, त्याच्या आधी मी वर्षभर हसलोच नव्हतो. आता आत्याची शेजारीण तक्रार करते."

आणि पूर्वाची कविता मी चोरून ऐकली. तीन वर्षांपूर्वी, ती बोरिवलीला परत राहायला आल्यावर, एका शनिवारी तिला न्यायला लवकर आलो होतो. तुझं घर तळमजल्याचं, खिडकी उघडी. आतून तिचा आवाज आला. घरी ती अशा आवाजात बोलत नसे.

माझ्या गालावर एक पांढरं गाव वसलंय.
आई रोज सकाळी त्याच्यावर क्रीम थापते.
संध्याकाळी गावातली माणसं
पुन्हा ओट्यावर येऊन बसतात.

मी दार ढकलून आत गेलो. "पूर्वा, बॅग घे. चल."

"दिगू, आवाज खाली कर," तू म्हणालीस. "अजून तिघांचं वाचून व्हायचंय."

"तुझं झालं ते झालं, ताई. माझ्या पोरीचं तरी गावभर करू नकोस. उद्या तिला कोण..." पुढचं मी गिळलं. पण चौदाच्या चौदा जणांना ते ऐकू गेलं, आणि तुला तर ते पाठच होतं.

पूर्वा जागची हलली नाही. "मी येत नाही, बाबा. माझी अर्धी राहिलीय वाचायची."

तू मला फाटकापर्यंत सोडायला आलीस. हातात झारा तसाच होता. म्हणालीस, "हिलाही मग मुलुंडला पाठवायचं का?"

रागाने नाही. आणखी पोहे हवेत का विचारावं तशी. मी रिक्षा पकडली. ते वाक्य तेव्हापासून माझ्यात आहे. घराण्याला मारलेला टोमणा होता तो, बाबांची आठवण होती, की मला उद्देशून होता? रिक्षातच मी परत फिरून विचारायला हवं होतं. दोन महिने मी तुझ्याशी बोललो नाही. मग तू गॅस सिलिंडरचा काहीतरी घोळ झाला म्हणून फोन केलास, आणि आपण पुन्हा बोलायला लागलो. भाव, आजारपणं, पूर्वाचं कॉलेज. ती दुपार सोडून सगळं.

तू गेल्यानंतर तुझ्या घराची चावी माझ्याकडे आली. कागदपत्रं बघायची म्हणून मी गेलो आणि ती कविता शोधली. कपाट, गादीखाली, रेशनकार्डाची पिशवी, डाळींचे डबे. तुझ्या साड्यांच्या घड्या मोडल्या, त्याबद्दल माफ कर. पुन्हा तशा घालता आल्या नाहीत. लांब बाह्यांचे सगळे ब्लाउज एका गाठोड्यात खाली दाबून ठेवलेले होते. ते तू कधीपासून घालेनाशी झाली होतीस, हे मी भाऊ असून पाहिलं नव्हतं.

"शोधू नकोस," पूर्वा म्हणाली. "कागदावर नव्हतीच ती. आत्याला तोंडपाठ होती."

म्हणजे ती आता चौदा डोक्यांत आहे फक्त. त्यातलं एक डोकं माझ्याच घरात, समोर बसून चहात खारी बुडवतं. बाकीची कांदिवली, मालाड, मानखुर्दभर हिंडतात. ऑफिसात फाइल उघडली की मला ती कविता ऐकू येते, तुझ्या त्या कोऱ्या आवाजात. पहिली ओळ मोसंब्यांची असते. दुसरी येत नाही. मी दुसरी बनवून बघतो, कधी तिच्यात बाबा येतात, कधी मी. अंधेरीला स्टेशनच्या जिन्यावर समोरून रेश्मा दिसली तेव्हा मी लाज सोडून तिला अडवलं. "फक्त एवढं सांग, तिच्यात मी आहे का?"

ती कठड्याशी सरकली. मग म्हणाली, "काका, हे आत्याला विचारायचं होतंत ना."

घरी आल्यावर पूर्वा म्हणाली, "तिला कशाला त्रास दिलास? तुला ऐकायची असेल तर शनिवारी ये. आम्ही जमणार आहोत. पण रिकाम्या हाताने नाही."

मी चोपन्न वर्षांचा माणूस, आयुष्यात पत्रं आणि अर्ज सोडून काही लिहिलेलं नाही. तीन दिवस लागले. एक पान झालं. निघण्याआधी ते मी संगीताला दाखवलं. तिने उभ्या उभ्या वाचलं, ओट्यावर ठेवलं आणि गॅस बंद केला. "बाबांशी मी कशी वागले असते, हे आधी कळलं असतं तर," एवढंच म्हणाली. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. बरोबरच आहे तिचं.

शनिवारी मी तुझ्या घरी गेलो, दार उघडलं, पंखे लावले. पोरं आली. पोहे कुणीतरी डब्यातून आणले होते. तुझ्या जागेवर कुणी बसलं नाही. मी भिंतीशी, चपलांजवळ बसलो. चौघांचं झालं. मग पूर्वा म्हणाली, "बाबा, तू."

मी पान काढलं. गच्चीपासून सुरुवात केली. चिमटा, 'खंय धाडू तिका', मुलुंड, ताप, सगळं. हॉस्पिटलातल्या बिलापर्यंत आलो, तेव्हा कुणालने पाण्याची बाटली पुढे सरकवली. शेवटचं वाक्य होतं, 'ताईला बाबांनी पाठवलं नव्हतं, मी पाठवलं होतं.' ते वाचून मी मान वर केली. मला वाटलं होतं, कुणी दचकेल. पूर्वा तरी. तिचे आजोबा होते ते, तिचा बाप आहे मी.

कुणीही दचकलं नाही, ताई.

रेश्मा पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. कुणाल माझ्याकडे बघत होता, स्मशानात बघत होता तसाच, पण या वेळी त्याने नजर काढून घेतली नाही. पूर्वाने माझ्या हातातलं पान घेतलं, नीट घडी घातली आणि मला परत दिलं. "आता ऐकायची असेल तर म्हणू आम्ही," ती म्हणाली. "चौदाही जणांना येते."

मी म्हटलं, आज नको. धीर झाला नाही.

कारण मला हवं होतं ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरच कळलं होतं. तुला माहीत होतं. मावशीने सांगितलं असेल, बाबा कधीतरी बोलले असतील, किंवा सगळे हसताना तू एकट्या माझ्याकडे बघत राहिली असशील आणि त्यात तुला दिसलं असेल. मग बाबांशी नऊ वर्षं का बोलली नाहीस? त्यांनी ऐकलं म्हणून? माझ्यासारख्याचं ऐकून तुला मोसंबी घेऊन जाऊ दिलं म्हणून? बाबांना तू शिक्षा दिलीस आणि मला का दिली नाहीस, हे मी कुणाला विचारू? कवितेत ते असेलही. एखाद्या शनिवारी मी ती ऐकेन, आणि त्या दिवसानंतर तुझ्याशी भांडायला माझ्याकडे काही उरणार नाही, याचीही मला भीती वाटते.

आत्ता मला दिसते ती भाऊबीज. दर वर्षी, मी तुझ्याशी बोलत नव्हतो त्या वर्षीसुद्धा. पाटावर मी, समोर ताट घेऊन तू. तुझी पांढरी बोटं माझ्या कपाळाशी यायची आणि मी खाली ताटातल्या सुपारीकडे बघत राहायचो. तू दर वर्षी हनुवटीला धरून माझं तोंड उचलायचीस.

"वर बघ रे दिगू. कुंकू नाकावर येतंय."